कोरडं चालतं, ओलं नाही

सोनूबाईनं आपल्या विहिणीला भरल्या ताटावरून उठवलं आणि उपाशीच एसटीत बसवून दिलं, अशी बातमी मागच्या उन्हाळ्यात जाफराबादच्या बाजारात फिरत होती. भाजीवालीनं मला सांगितलं तेव्हा ताटात भाकरी होती. पिठाच्या गिरणीपर्यंत पोचले तर भाकरीची पुरणपोळी झालेली, आणि सोनूबाईनं विहिणीच्या अंगावर पाटसुद्धा फेकला होता. आता आमच्या भागात बातमी वाढवायचं काम माझं. ते दुसऱ्या कुणी केलेलं मला खपत नाही. शिवाय त्या वेळी मी आमच्या दारात मूग निवडत बसले होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा खरं सांगते. ताट वाढलेलंच नव्हतं. पाट होता, पण तो वट्यावर मांडलेला, कुणी फेकला नाही. विहीण आपल्या पायांनी चालत गेली. उपाशी गेली एवढं मात्र खरं. का गेली ते सांगायचं तर सोनूबाईपासूनच सुरुवात करावी लागेल.

आमची लाईन म्हणजे कापसाच्या जिनिंगवाल्या शेटनं भाड्यानं द्यायला बांधलेल्या एका रांगेतल्या खोल्या. पुढं सलग वटा, टोकाला दुष्काळात सरकारनं मारून दिलेला हापसा. शेटला भाडं वेळेवर मिळाल्याशी मतलब. भाडेकरू कोण, कुठला, हे त्यानं कधी विचारलं नाही, त्यामुळं लाईनीत सगळ्या प्रकारची माणसं आली. आम्ही शिंपी. पलीकडं चांदबी, तिचा नवरा गाद्या भरायचा. मधे झेडपीच्या शाळेतले रामकिसन गुरुजी आणि त्यांची बायको सत्यशीलाबाई. छप्पन साली त्यांची सगळी भावकी बौद्ध झाली. आणि गुरुजींच्या भिंतीला भिंत लावून जी खोली रिकामी होती तिच्यात दुष्काळ सरला त्या साली सोनूबाई आली. नवरा भुजंगराव एसटीत कंडक्टर, एकुलती एक पोरगी बेबीनंदा.

सोनूबाई कुंभार पिंपळगावच्या बाजूची, खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरची. आवाज मोठा, हात सढळ. सामान उतरवता उतरवताच तिनं मला विचारलं, "बाई, शेजारी कोण हाय?"

"गुरुजी हायेत," मी म्हणाले. "बाई लई सुगरण हाय. विरजण लागलं तर तिच्याकडूनच घ्या."

खोटं काय बोलले मी? सोनूबाईनं विरजण घेतलं. आठवडाभर दही लावलं, कढी केली, भुजंगरावांनी वाटी चाटून खाल्ली. मग कुठं तिला कळलं. तरातरा माझ्याकडं आली.

"उषाबाई, सांगायचं न्हाई का?"

"काय सांगायचं? दही चांगलं लागलं न्हाई का?"

"दही झकास होतं. पन तसं न्हाई वं माय…" पुढचं तिला बोलता येईना. ती वाईट बाई नव्हती ना, म्हणून बोलता येईना. दह्याचं गाडगं तिनं गवळ्याच्या म्हशीच्या आंबोणात ओतलं आणि माझ्याकडून नवं विरजण नेलं. ते मी त्याच सकाळी सत्यशीलाबाईकडून आणलं होतं, हे तिला आजवर ठाऊक नाही.

तिच्या गावच्या गोष्टी ती आम्हाला मोठ्या कौतुकानं सांगायची. "आमच्याकडं असलं काही भांडण न्हाई बाई. ते तिकडं, आम्ही हिकडं. कामाला आले, काम केलं, गेले. कोणी कोणाला वाईट बोलत न्हाई." तिचं म्हणणं खरंच होतं. गावात तिला कुणाचा राग करायची वेळच आली नव्हती. मधे वाट होती, ओढा होता, तो आपोआप अंतर राखायचा. इथं मधे एक विटेची भिंत, तीही वर छपरापर्यंत न गेलेली. इकडं फोडणी टाकली की तिकडं ठसका. त्यामुळं जे काम गावात ओढा करायचा, ते इथं सोनूबाईला सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतः करावं लागे.

आणि तिनं ते मन लावून केलं. हापसा चालतो, कारण तो सरकारचा, शिवाय लोखंडाला काही लागत नाही. साखर, डाळ, मीठ, मिरची सत्यशीलाबाईकडून घ्यायला हरकत नाही, कारण कोरडं. दही, ताक, भाजी, कालवण नको, कारण ओलं. द्यायला मात्र सगळं चालतं. पापड कच्चा चालतो, भाजलेला चालतो, तळलेल्याबद्दल मात्र तिचं नक्की ठरत नव्हतं. मी मुद्दाम विचारायचे, "सोनूबाई, गूळ उन्हानं पाघळला तर वं?" ती खरंच विचारात पडायची.

सत्यशीलाबाईला हे सगळं कळत होतं. कळून ती काही बोलायची नाही. फक्त सोनूबाई साखर मागायला आली की तोंडावरची रेघ न हलवता विचारायची, "वाटीत देऊ का पुडीत बांधू?"

आणि माया म्हणाल तर होतीच. गुरुजींच्या धाकट्या पोराला गोवर निघाला तेव्हा सत्यशीलाबाई माहेरी वडलांच्या दुखण्याला गेलेली. सोनूबाईनं त्या पोराला मांडीवरून खाली ठेवलं नाही. लिंबाचा डहाळा घेऊन वारा घालत बसली, पोर तापानं भिजलं की आपल्या पदरानं पुसायची. "हा घाम ओला धरायचा का कोरडा?" असं मी विचारलं तर तिनं सूप फेकून मारलं मला.

अशी दोन-चार वर्षं गेली. सगळ्या लाईनीला वाटायला लागलं, आपण फार चांगली माणसं आहोत. ईदेला चांदबीचा शिरखुर्मा यायचा, आमच्याकडून दिवाळीचे अनरसे जायचे, आणि कुणी पाहुणा आला की सोनूबाई आवाज चढवून सांगायची, "आमच्या लाईनीत जातपात बिलकुल न्हाई!"

मग बेबीनंदाचं लग्न ठरलं. थेट कुंभार पिंपळगावात, मोठ्या बागायतदाराच्या घरी. होणारी सासू चतुराबाई त्या भागात रुखवत तपासण्यासाठी प्रसिद्ध. पोरीचा बाप हुंडा किती देतो यापेक्षा पोरीची आई शेवई किती बारीक काढते, यावर ती घराची किंमत करायची. सोनूबाईनं शेवयांचा धसका घेतला. कारण बाकी कशातही ती हार जायची नाही, पण तिच्या शेवया म्हणजे सुतळी. आणि सत्यशीलाबाई शेवया वळायला बसली की वाऱ्यावर उडतील अशा पडायच्या.

सोनूबाईनं एक दिवस भिंतीवरूनच हाक मारली. "सत्यशीलाबाई, बेबीच्या रुखवताच्या शेवया तुम्हीच करा माय. पोरीची लाज राहील."

सत्यशीलाबाई आली. पाटाचं एक टोक खाटेवर, दुसरं जमिनीवर, वस्त्रगाळ पिठाचा उंडा पाटावर, आणि तिचे दोन्ही तळवे त्यावरून असे सरकायचे की खाली सुताची धार लागावी. बेबीनंदा खाली हातावर झेलून काठीवर पसरायची. मधेच सत्यशीलाबाई तिला पाटावर बसवायची, "दाबू नको, नुस्तं पुढं जाऊ दे" असं सांगायची. चार दिवसांत पोरगी बऱ्यापैकी शिकली. सत्यशीलाबाईचे हात मनगटापर्यंत पिठात पाहून मला राहवेना.

"सोनूबाई, हे ओलं का कोरडं?"

सोनूबाई लाल झाली. "वाळल्यावर कोरडंच की!" म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं सत्यशीलाबाई हसली. मला वाटतं, तिला त्या दिवशी खरंच वाटलं असावं की आता हे सगळं हसण्यावारी जाणार.

लग्न लाईनीसमोरच्या मोकळ्या जागेत लागलं. रुखवत मांडलं. चतुराबाई आल्या, मागं त्यांच्या जावा-नणंदा. लाडू दाबून पाहिले, कुरडई उजेडात धरली, आणि शेवयांच्या टोपलीपाशी थांबल्या. दोन बोटांनी एक जुडी उचलली, तर ती वाऱ्यानं हलली.

"कोणाच्या हातच्या ह्या?"

"माझ्याच की," सोनूबाई म्हणाली.

"एकटीच्या?"

"एकटीच्या. रुखवताला दुसऱ्याचा हात लागू देत न्हाई आमच्यात."

पहिलं वाक्य भीतीनं निघालं असं धरू. पोरीच्या आईला भीती असतेच. पण दुसरं वाक्य तिच्याकडं कुणी मागितलं नव्हतं.

सत्यशीलाबाई तिथंच, हाताच्या अंतरावर होती. एका करवलीच्या वेणीत गजरा माळत होती. तिनं गजऱ्याची गाठ नीट बांधली, पोरीचे केस सारखे केले आणि म्हणाली, "चुलीवर दूध ठिवून आल्ते, बघते जरा." त्या दिवशी गवळी आलाच नव्हता. हे मला ठाऊक, चांदबीला ठाऊक, सोनूबाईलाही ठाऊक. मांडवात लाईनीतल्या झाडून सगळ्या बायका होत्या. कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. जिच्या तोंडाला कधी कुणाला झाकण घालता आलं नाही, ती मीसुद्धा खाली मान घालून अक्षतांमधले खडे वेचत बसले. गुरुजी जेवले, आहेर करून गेले. सत्यशीलाबाई जेवायला आली नाही.

भांडण होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. दुसऱ्या दिवशी सोनूबाईनं लग्नातली बुंदी नेऊन दिली, ती सत्यशीलाबाईनं घेतली. चार दिवसांनी सोनूबाई कढीचं पातेलं घेऊन गेली. ती वर्षानुवर्षं न्यायची, गुरुजींना तिच्या हातची कढी आवडते.

सत्यशीलाबाई दारात आली. हसून म्हणाली, "ओलं नको बाई. कोरडं काही असंल तर ठिवा."

त्यात टोमणाही नव्हता. जसं सोनूबाई इतकी वर्षं म्हणायची, अगदी तसंच, सहज. सोनूबाई पातेलं घेऊन वट्यावर उभी राहिली, कढीवर साय धरली तरी उभीच. मग माझ्याकडं आली.

"उषाबाई, ती भांडली असती तर मी भांडले असते."

"मंग भांडा ना."

"काय म्हणून भांडू? ती तर माझंच बोलून राह्यली."

त्यानंतर सोनूबाईचा आवाज खाली गेला. सत्यशीलाबाई हापशावर दिसली की ही घागर घेऊन परत फिरायची. "आमच्या लाईनीत" हे शब्द तिच्या तोंडून बंद झाले. मी चेष्टा केली तर सूप फेकायची नाही, नुसती बघायची. तिचं ते बघणं मला सहन व्हायचं नाही. म्हणून मीही तेवढ्यापुरती चेष्टा कमी केली.

पुढच्या उन्हाळ्यात चतुराबाई आल्या. जालन्याला गाडी बदलून, गव्हाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून, सोबत बेबीनंदाला घेऊन. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं.

"इहीणबाई, आमच्या लेकीच्या रुखवताला तुमच्याच हातच्या शेवया पाहिजेत. समद्या गावात सांगून आले मी. चार दिवस राहते हितं. बघते तरी कसा हात चालतो तुमचा!"

बेबीनंदा आईकडं बघेना. सासरी तिचं बरं चाललं होतं, पण ते सगळं 'शेवयावाल्या घरची पोरगी' म्हणून. चतुराबाईंचा स्वभाव असा की चढवलं तर डोक्यावर, उतरवलं तर थेट उंबऱ्याबाहेर.

संध्याकाळी चतुराबाई मारुतीला गेल्या तेव्हा सोनूबाई शेजारच्या दारात गेली. छपराच्या फटीतून मला ऐकू येत होतं, कान लावायची गरज नव्हती.

"सत्यशीलाबाई, येवढ्या बारीला हात द्या. दुपारी इहीणबाई झोपत्यात, तव्हा मागच्या दारानं या."

"येते की," सत्यशीलाबाई म्हणाली. "न यायला काय झालं? पण मागच्या दारानं न्हाई. पाट वट्यावर मांडा, इहीणबाईला समोर बसवा, आन् मंग हाक मारा."

"माझ्या पोरीचं काय व्हईल मंग?"

"ते मी कसं सांगू, बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट वट्यावर आला, पण हाक काही मारली नाही. सोनूबाई स्वतःच बसली. विहीण समोर घोंगडीवर. सोनूबाईच्या हाताखालून जे पडत होतं ते पाहून चांदबीनं पदर तोंडावर घेतला. शेवई तुटायची, जाड व्हायची, पुन्हा तुटायची.

"लगनातला हात कुठं ठिवला वं इहीणबाई?" चतुराबाईंनी विचारलं.

"बेबीनंदासंगं सासरी धाडला!" मी बोलून गेले. सगळ्या हसल्या. सोनूबाई हसली नाही, बेबीनंदाही नाही. ती पुढं झाली.

"आत्याबाई, आईला उन्हाचं सोसना झालं. मी करते. मला येतात."

ती बसली. तळवे पाटावरून नुसते पुढं गेले आणि खाली सुताची धार लागली. सत्यशीलाबाईची चाल, हुबेहूब. चतुराबाई खूश.

"बघा! आईचा हात आला पोरीत. कोणी शिकवलं गं तुला?"

बेबीनंदानं मान वर केली नाही. "आईनंच," म्हणाली.

आता काही करायची गरजच उरली नव्हती. पोरीनं सगळं सावरलं होतं. चार दिवस तिनं शेवया केल्या असत्या, पोतं भरून गेलं असतं, सोनूबाईचं नाव पिंपळगावात आणखी वर्षभर चाललं असतं. मी मुगाचं सूप आपटून सोनूबाईकडं पाहिलं, तर तिचा चेहरा असा झाला होता जसं कुणी तिला भर बाजारात नावानं हाक मारली. पोरीच्या तोंडून आपलंच वाक्य ऐकलं तिनं. ती उठली, पिठाचे हात लुगड्याला पुसले, आणि कैक महिन्यांनी तिचा जुना आवाज लाईनीत घुमला.

"सत्यशीलाबाई! या. पाट वट्यावर हाय."

सत्यशीलाबाई दारात आली, पदर खोचलेला.

"कोण वं ह्या?" चतुराबाईंनी विचारलं.

"रामकिसन गुरुजींची मंडळी. लगनातल्या शेवया ह्यांच्या हातच्या. बेबीलाबी ह्यांनीच शिकवलं. मी मांडवात खोटं बोलले."

"गुरुजी म्हंजे… कोणाचे?"

"बौद्धाचे."

चतुराबाईंना ते पोचायला थोडा वेळ लागला. "आन् त्या शेवया आमच्या पाव्हण्यांनी खाल्ल्या?"

"दोन-दोन बारी मागून खाल्ल्या."

चतुराबाई उठल्या. ओरडल्या नाहीत, ते एक त्यांचं. पोत्याचं तोंड स्वतः बांधलं, हापशावरच्या एका पोऱ्याला पोतं उचलायला लावलं. सोनूबाई म्हणाली, "जेवून तरी जावा." चतुराबाई वट्यावरून खाली उतरल्या. "बेबीनंदे, चल," एवढंच म्हणाल्या. बेबीनंदानं आईकडं पाहिलं, सत्यशीलाबाईच्या पाया पडली आणि सासूच्या मागं निघाली. पाया पडली हे चतुराबाईंनी पाहिलं. त्याचं पुढं काय झालं असेल ते मी विचारलं नाही आणि बेबीनंदानं सांगितलं नाही.

वट्यावर अर्धा उंडा तसाच पडलेला. सत्यशीलाबाई म्हणाली, "गहूबी घेऊन गेल्या. आता वळू काय मी?" यावर चांदबी हसली, मग मी. सोनूबाई वाटेकडं तोंड करून उभी होती.

पंचमीला बेबीनंदाला माहेरी धाडलं नाही. दिवाळीत जावई घेऊन आला, दोन दिवस राहिला, शेजारी गुरुजींकडं चहा पिऊन आला. आईला सांगू नका, असंही म्हणाला. चतुराबाईंचा निरोप अजून नाही. आणि सत्यशीलाबाई? ती सोनूबाईशी बोलते, दोघी हापशावर एकत्र जातात, परवा एका सुपात गहूही पाखडत होत्या. पण कढी अजून घेत नाही. सोनूबाई पातेलं नेते, ती "नको बाई" म्हणते, ही परत आणते. रोज नाही, पण दर आठ-पंधरा दिवसांनी हे होतं. सोनूबाईनं न्यायचं सोडलेलं नाही.

जाफराबादेत मात्र ही गोष्ट आता मोठ्या मानानं सांगतात. गुरुजींच्या शाळेतले मास्तर म्हणतात, सगळ्या जातीधर्मांची माणसं अशी एका वट्यावर राहिली की मनातला भेद आपोआप जातो, जिनिंगच्या लाईनीकडं बघा. मला ते ऐकून बरं वाटलं. आपणही त्या लाईनीतल्या. परवा हापशावर सोनूबाईला चिडवायला म्हणून मी म्हणाले, "बरं झालं बाई तुम्ही हितं आल्या. गावातच राह्यल्या असत्या तर तशाच राहून गेल्या असत्या. लाईनीनं सुधारलं तुम्हाला."

तिनं दांडा सोडला, घागर काठोकाठ भरलेली तशीच राहू दिली आणि माझ्याकडं वळून म्हणाली,

"गावात होते तव्हा मला ह्या माणसांचं काही ठाऊकच नव्हतं, उषाबाई. हितं भिताडाला भिताड लावून राह्यले. तिचा हात कसा, तिचं पोर कसं, समदं ठाऊक झालं. आन् ठाऊक असून मी मांडवात तसं बोलले. मंग सुधारले ती कव्हा, तेवढं मला सांगा."